विजेच्या भट्टीत फॉइल गुंडाळून धुराची भाजणी: कामाच्या नोंदी

२८ डिसेंबर

काम काय आहे ते आधी मांडून ठेवते, म्हणजे हेच करून पाहणाऱ्याला पुढच्या नोंदी लागू पडतील. माझी भट्टी विजेची आहे. वरून उघडणारी, साठेक लिटरची, पाच किलोवॉटची, सिंगल फेजवर चालणारी. नागपूरच्या मानेवाड्यात घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ती आहे आणि शेड दोन बाजूंनी उघडी आहे. आजवर तिच्यात बिस्क (कच्च्या भांड्याची पहिली, लेपाशिवायची भाजणी) आणि ग्लेझ (भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप) एवढंच भाजलं. आता भांड्याभोवती भुसा, साली, सुती धागे आणि थोडे क्षार ठेवून, सगळं अ‍ॅल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळून तापवायचं आहे. आतला धूर कोंडला की मातीवर काळे, राखाडी, तपकिरी ढग उमटतात. ग्लेझ लागत नाही.

हे काम लोक बहुतेक खड्ड्यात किंवा गॅसच्या राकू भट्टीत (तापलेलं भांडं बाहेर काढून धुरात ठेवायच्या पद्धतीची भट्टी) करतात, आणि त्याला कारण आहे. विजेच्या भट्टीची कॉइल, म्हणजे तापणारी तार, लोखंड, क्रोमियम आणि अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची असते. तिच्यावर अ‍ॅल्युमिनाचा पातळ थर धरतो आणि तोच तिला वाचवतो. धुराने हवेतला प्राणवायू खाल्ला की तो थर झिजत जातो. मीठ आणि फेरिक क्लोराइड यांच्या वाफेत क्लोरीन असतो, तो कॉइलला त्याहून वाईट. म्हणून हे दोन्ही जिन्नस यादीतून आजच काढून टाकले. फॉइलच्या भांड्यांवर जो भडक केशरी-जांभळा रंग दिसतो तो बराचसा फेरिक क्लोराइडचा असतो. तो मला मिळणार नाही हे ठरवूनच सुरुवात करते आहे. भट्टी एकच आहे आणि ती मला अजून दहा वर्षं हवी आहे.

प्लग काढून मल्टिमीटरने कॉइलचा रोध मोजला: १०.४ ओहम. भट्टीच्या झाकणावर खडूने लिहून ठेवला. तो दहा टक्क्यांनी वाढला तर कॉइल बदलायची वेळ आली असं समजायचं.

३ जानेवारी

भांडी घडवून वाळत ठेवली आहेत. वितीएवढी, पोट गोल, तोंड अरुंद. फॉइल गुंडाळायला कोपरे नसलेला आकार बरा पडतो, कारण कोपऱ्यावर फॉइल फाटते. माती लाल आणि पांढरी मिसळून घेतली, थोडी बारीक वाळू घालून. या कामात भांड्याला एकदम ताप-गार होणं सोसावं लागतं.

वरून लावायची गाळीव खळ (मातीचा पातळ लेप, घोटला की चमकतो) बिकानेरच्या बॉल क्लेची, म्हणजे बारीक कणांच्या चिकट मातीची, केली. प्रमाण: दीड किलो कोरडी माती, साडेतीन लिटर पाणी, साडेसात ग्रॅम सोडियम सिलिकेट. ढवळून वीसेक तास मुळीच न हलवता ठेवायचं. तळाशी जाड गाळ बसतो. त्याच्या वरचं पातळ दुधासारखं पाणी रबरी नळीने ओढून घ्यायचं, गाळ टाकून द्यायचा. १०० मिलीचं वजन ११५ ग्रॅमच्या आसपास भरलं पाहिजे.

पहिली खेप १२५ ग्रॅम भरत होती. तशीच लावली आणि वाळल्यावर तोंडाच्या कडेला पापुद्रे सुटले. पाणी घालून पातळ केली, मऊ ब्रशने पातळ तीन हात दिले, मग टिकली. भांडं पूर्ण वाळलेलं असावं, नाहीतर चमक येत नाही. प्रत्येक हात ओलसरपणा जाताच घोटायचा: आधी जुन्या सुती बनियनचा तुकडा, शेवटी अंगठ्यावर ताणलेली प्लॅस्टिकची पातळ पिशवी.

ज्यांच्याकडून लाल माती आणते ते कुंभार काकाजी हे सगळं बघत बसले होते. ते नदीतल्या गुळगुळीत गोट्याने घोटतात. भुसा आणि फॉइल दाखवली तर म्हणाले, “आमच्या आव्यात धूर सुटा असते, बाई. तुम्ही त्याले बांधून ठेवता. बांधला तं मंग तो कोठूनतरी निघनच.” (ही भर नंतरची: हे वाक्य मी तेव्हा ऐकून सोडून दिलं होतं. पुढच्या सगळ्या भाजण्यांमध्ये तेच खरं ठरत गेलं.)

११ जानेवारी

बिस्क ९२० अंशांवर. एरवी मी १००० करते. पण १००० च्या पुढे या खळीची चमक मरते आणि मातीची छिद्रंही आवळायला लागतात, मग धूर आत शिरणार कुठून? ९२० ला भांडं वाजवलं की पक्कं वाजतं आणि जिभेला लावलं की चिकटतं. दोन्ही हवं आहे.

१८ जानेवारी

पहिली भाजणी.

जिन्नस: सागाचा भुसा (फर्निचरवाल्याकडून फुकट), संत्र्याच्या साली, पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) काड्यांचे बोटभर तुकडे, तणस (भाताचा पेंढा), वापरलेली कॉफीची पूड, तांब्याची बारीक तार, भांडी घासायची स्टीलची घासणी पिंजून, आणि चिमूटभर मोरचूद. मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि हिराकस (फेरस सल्फेट) इतवारीच्या बाजारात सुटं मिळतं. फॉइल घरगुतीच, दोन थर.

कंट्रोलर ६५० वर, ताशी २०० अंश. एका वेळी तीन भांडी.

दीडशेच्या आसपास चुर्रर्र आवाज यायला लागला. साली वरून वाळलेल्या दिसत होत्या, आतून ओल्या होत्या. वाफेने फॉइल फुगली आणि एका भांड्याची घडी उसवली. अडीचशेच्या पुढे झाकणाच्या फटीतून पिवळट, डोळे चुरचुरणारा धूर. शेजारच्या काकू भिंतीवरून विचारून गेल्या, “काय जळून राहिलं गं?” ४५० नंतर धूर जवळजवळ थांबला.

दुसऱ्या दिवशी सकाळी उघडली. कॉइलकडे तोंड असलेल्या बाजूला तिन्ही पुड्यांची फॉइल गेलेली. एका भांड्याला अ‍ॅल्युमिनियमचा वाटाण्याएवढा मणी चिकटलेला, एक मणी शेल्फवर. जिथे फॉइल गेली तिथे माती धुतल्यासारखी पांढरी आणि उरलेल्या बाजूला फिकट राखाडी. तांब्याच्या तारेची रेघ मात्र एका भांड्यावर छान आली आहे, काळी आणि कडेला तांबूस.

२० जानेवारी

काय झालं ते नीट बघितलं. अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. कंट्रोलरवर ६५० होते, म्हणजे दहा अंश हाताशी होते असं कागदावर दिसतं. पण थर्मोकपल (कंट्रोलरला जोडलेला तापमापक) भट्टीच्या वरच्या कोपऱ्यातल्या हवेचं तापमान सांगतो. कॉइल चालू असताना ती स्वतः त्याहून कितीतरी जास्त तापलेली असते आणि तिच्यासमोरच्या फॉइलला ती उष्णता थेट लागते. ६५० हा आकडा फॉइलचा नव्हताच.

यातला धोका रंग बिघडण्यापेक्षा मोठा आहे. वितळलेला थेंब कॉइलवर किंवा तिच्या खाचेत पडला असता तर कॉइल तिथेच गेली असती. पातळ झालेलं अ‍ॅल्युमिनियम भट्टीच्या विटेलाही खातं, कारण ते विटेतल्या सिलिकाशी झगडतं. शेल्फवरचा मणी छिन्नीने काढला, सोबत शेल्फचा टवकाही निघाला. शेल्फला वॉश (काही चिकटू नये म्हणून द्यायचा लेप) पुन्हा दिला.

विटांवर आणि कॉइलवर काजळी बसली होती. काजळीतून वीज वाहते, म्हणून तशीच भट्टी पुन्हा चालवायची नाही. सगळी भोकं उघडी ठेवून रिकामी भट्टी १०५० पर्यंत नेली आणि तासभर तिथे ठेवली. काजळी जळून जाते आणि कॉइलवरचा थर पुन्हा धरतो. आता प्रत्येक धुराच्या भाजणीनंतर हे करायचंच. यात वीसच्या वर युनिट जातात, ती किंमत धुराच्या भाजणीतच धरली पाहिजे.

आणि मास्क. धुळीच्या मास्कने वायू अडत नाही. मोरचूद आणि हिराकस तापले की गंधकाचे वायू सुटतात, भुसा कोंडून जळला की कार्बन मोनॉक्साइड. वायूंसाठीच्या कार्ट्रिजचा मास्क आणला, दोन हजारांच्या आत मिळाला. पण कार्बन मोनॉक्साइड या मास्कनेही अडत नाही आणि त्याला वासही नसतो. त्याच्यावर उपाय एकच: भट्टी उघड्यावर असणं. बंद खोलीत, गच्चीवरच्या खोलीत किंवा गॅरेजचं शटर ओढून हे काम करू नका. ज्यांची भट्टी घरात आहे त्यांनी हे काम सोडून द्यावं, असंच मी म्हणेन.

१ फेब्रुवारी

तोडगा: फॉइलची पुडी शेल्फवरच्या जुन्या फरशीवर ठेवायची आणि तिच्यावर भाजक्या मातीची झाडांची कुंडी पालथी घालायची. कॉइलची उष्णता आधी कुंडीवर पडते, आत ताप सावकाश आणि सगळीकडून सारखा पोचतो. फॉइल वितळलीच तर थेंब फरशीवर राहतो. धूर कुंडीच्या तळाच्या भोकातून एकाच जागी निघतो, आणि ते भोक भट्टीच्या वरच्या भोकाखाली येईल अशी कुंडी ठेवली की बराचसा धूर कॉइलला न लागता सरळ बाहेर पडतो. कुंडी साठ-सत्तर रुपयांना. आत भांडं एकच मावतं, त्यामुळे एका वेळी दोन कुंड्या, दोन भांडी.

कंट्रोलर ६०० वर. साली पंधरवडाभर उन्हात वाळवल्या, हातात चुरा होईपर्यंत. १२० अंशांवर तासभर थांबा दिला.

चुरचुर नाही, फुगणं नाही. पण ताशी २०० अंश या वेगाने एक कुंडी वरपासून खालपर्यंत तडकली. बाजारची कुंडी मुळात कमी भाजलेली आणि जाड, शिवाय ५७३ अंशांना मातीतलं क्वार्ट्झ एकदम फुगतं. तो टप्पा ती घाईत ओलांडू शकत नाही. तडकलेली कुंडी बाहेरून नायक्रोमची (ताप सोसणारी) तार आवळून पुन्हा वापरता येते, मी वापरते आहे. इथून पुढे ताशी १०० अंश, ५५० ते ६०० मध्ये ६०. वेळ दुप्पट लागतो.

भांडी दोन्ही पूर्ण काळी. फॉइल शाबूत. काळा रंग सुंदर आहे, खोल आहे, घोटलेल्या जागी डोळा ठरत नाही. पण मला ढग हवे होते. पुडीत भुसा ओंजळभर होता, तो फार झाला.

९ फेब्रुवारी

भुसा वजन करून घातला. वितीएवढ्या भांड्याला २५ ग्रॅम, तोही एकाच बाजूला. साली दोन तुकडे. कॉफी अर्धा चमचा, भांड्याच्या खांद्यावर. थोडी साखर पाण्यात भिजवून बोटाने ठिपके दिले. सुती दोरा हिराकशीच्या पाण्यात बुडवून, वाळवून, भांड्याभोवती तिरपा गुंडाळला. मोरचुदीच्या पाण्याचा ब्रशने एक हात फक्त बुडाजवळ.

कंट्रोलर ६००, तिथे चाळीस मिनिटं थांबा. कुंडीच्या आतली भांडी हवेच्या मागे असतात. थांबा दिला नाही तर पुडीच्या मधोमध भुसा अर्धा कच्चाच राहतो. मागच्या वेळी तळाशी तपकिरी भुसा तसाच सापडला होता.

भट्टी १०० च्या खाली येईपर्यंत उघडली नाही. आत अजून गरम असताना फॉइल सोडली आणि हवा लागली तर काळा रंग डोळ्यांदेखत उडतो.

हवं होतं ते आलं. दोऱ्याच्या जागी गंजाच्या रंगाची रेघ, दोन्ही कडांना धुरकट सावली. साखरेचे ठिपके गर्द काळे, कडा तीक्ष्ण. सालींखाली उबदार पिवळट तपकिरी डाग, त्याच्या मधोमध सालीचा ठसा. मोरचुदीने बुडाशी फिकट गुलाबी छटा दिली, एका जागी हिरवट. मीठ घालता आलं असतं तर ती गुलाबी खूप गडद झाली असती. पण ही फिकट छटा या मातीवर मला जास्त पटली. तिला शोधावं लागतं.

स्टीलच्या घासणीने निराशा केली. जिथे होती तिथे नुसता करडा डाग. ती बाद.

१६ फेब्रुवारी

आज जिन्नस बदलले नाहीत, गुंडाळणं बदललं. दोन सारखी भांडी, दोन्हींत तेच आणि तेवढंच. एकाची फॉइल हाताने दाबून दाबून मातीला चिकटवली, दुसऱ्याची सैल ठेवली.

घट्ट भांड्यावर प्रत्येक गोष्टीचा काठ स्पष्ट आणि फॉइलच्या सुरकुत्यांच्या बारीक पांढऱ्या रेघा, पानाच्या शिरांसारख्या. सैल भांड्यावर सगळं एकमेकांत मिसळलेलं, ढग मोठे, आणि घडीच्या जागेजवळ पांढरी जीभ आत आलेली. तिथून हवा आली होती.

आजवरच्या भांड्यांवर मी ज्याला मोरचुदीचा किंवा कॉफीचा परिणाम समजत होते त्यातला निम्मा परिणाम हवेच्या वाटेचा होता. त्यामुळे आता घडी कुठे येणार हे आधी ठरवते. जी बाजू उजळ हवी तिकडे घडी घ्यायची, आणि ती आणखी उजळ हवी असेल तर टाचणीने दोन भोकं. जी बाजू काळी हवी तिकडे फॉइल अखंड, तीन थर. लोक विचारतात की फॉइलची चकचकीत बाजू आत की बाहेर. काही फरक पडत नाही. थर किती आणि घडी कुठे, याने पडतो.

घरगुती फॉइल साधारण ११ मायक्रॉनची असते. जाड मिळाली तर एकच थर पुरतो, पण जाड फॉइल पोटाच्या गोलाईवर नीट बसत नाही, मोठ्या सुरकुत्या पडतात. मी पातळच वापरते.

२३ फेब्रुवारी

खर्च. एक धुराची भाजणी सुमारे नऊ ते दहा युनिट, नंतरची रिकामी भाजणी वीस-बावीस. युनिटला दहा-बारा रुपये धरले तर मिळून साडेतीनशेच्या आसपास, आणि त्यात भांडी दोनच. फॉइल, कुंडी, क्षार मिळून भांड्यामागे पन्नास रुपये. आधीच्या बिस्कचा वाटा वेगळा. रिकामी भाजणी वाया जाऊ नये म्हणून आता तिच्यातच ग्लेझची भांडी लावून पाहिली, माझं ग्लेझ १०५० लाच पिकतं. ग्लेझवर डाग आला नाही, पण आधी विटांवरची सुटी काजळी ब्रशने झाडून व्हॅक्यूमने ओढून घेतली होती. पांढऱ्या ग्लेझचं भांडं मी तरी अजून ठेवणार नाही.

भाजलेली भांडी धुऊन, वाळवून, हलकी कोमट करून मधमाशांचं मेण लावलं आणि मऊ कापडाने घासलं. काळा रंग एक छटा गडद होतो, गुलाबी उठते. मेण लावण्याआधी फोटो काढून ठेवा, तुलना करायला लागतो.

ही भांडी पाण्याची नाहीत, जेवणाची तर नाहीतच. छिद्रं उघडी आहेत आणि वर तांब्या-लोखंडाचे क्षार आहेत. विकताना हे तोंडाने सांगते आणि चिठ्ठीवरही लिहिते.

२ मार्च

हे करायचं बरेच दिवस मनात होतं.

नागपूरच्या आसपास, माहुरझरी, टाकळघाट-खापा, नायकुंड इथे लोहयुगातली शिळावर्तुळं (दफनांभोवती मांडलेली दगडांची कडी) आहेत, आणि त्यांच्या उत्खननांत काळी-तांबडी मडकी निघाली आहेत. एकाच मडक्याचा आतला भाग आणि तोंडाचा काठ काळा, बाहेरचं अंग तांबडं. रंग लावलेला नाही. मडकं पालथं घालून भाजलं, तोंड आणि आतलं पोट पाचोळ्या-राखेत बुडलेलं राहिलं, तिथे हवा गेली नाही म्हणून ते काळं झालं. बाहेर हवा खेळत होती तिथे तांबडं राहिलं, असं त्याचं स्पष्टीकरण देतात. सोळा फेब्रुवारीची दोन भांडी शेजारी ठेवली तेव्हा माझ्या लक्षात आलं की फॉइलची टोपी घालून हेच मला विजेच्या भट्टीत करता येईल. या मातीवर आपल्याच भागात हे काम अडीच हजार वर्षांपूर्वी झालेलं आहे आणि त्याला कुठलाही क्षार लागलेला नाही, याचं मला फार अप्रूप वाटतं.

फक्त लाल मातीचे दोन वाडगे, काकाजींसारखे गोट्याने घोटलेले, वर त्याच मातीची खळ. वाडग्यात भुसा आणि चुरलेली तणस दाबून भरली, तोंडावर फॉइलचे तीन थर टोपीसारखे बसवले आणि काठाखाली दोन बोटं खाली आणून सुताने बांधले. सूत जळतं, पण तोवर फॉइलने आकार धरलेला असतो. मग पालथे करून फरशीवर, वर कुंडी, पण या वेळी कुंडीचा काठ तीन खड्यांवर उचलून, म्हणजे बाहेरच्या अंगाला हवा मिळेल. ६०० अंश, चाळीस मिनिटं.

धूर आधीच्यापेक्षा बराच कमी. सगळा भुसा आत बंद आहे, त्यामुळे कॉइलच्या दृष्टीने ही आजवरची सगळ्यात सौम्य भाजणी.

३ मार्च

आतून दोन्ही वाडगे गर्द काळे, चमक शाबूत. बाहेरून तांबडे. एकाचा काठ सगळीकडे सारखा काळा. दुसऱ्याची टोपी एका बाजूला सैल पडली होती, तिथे काळ्या-तांबड्याची रेघ वर चढून तुटली आहे. काळ्याकडून तांबड्याकडे जाताना मध्ये करड्या-जांभळट रंगाचा बोटभर पट्टा आला आहे. तो मी ठरवून आणलेला नाही आणि तो सगळ्यात चांगला आहे.

काकाजींना चांगला वाडगा नेऊन दाखवला. त्यांनी नखाने काळ्यावर खरवडून पाहिलं, निघाला नाही. मग टोपी सैल पडलेला मागितला, तुटलेली रेघ बघितली आणि म्हणाले, “फॉइल कशाले? राखेत रोवा ना तोंड.” फॉइलऐवजी फरशीवर राखेचा थर पसरून त्यात काठ रोवायचा, म्हणजे रेघ राखेच्या पातळीवर सरळ येईल. विजेच्या भट्टीत राख उडून कॉइलवर बसायला नको, म्हणून राख पसरट मातीच्या परळात घेणार आणि आधी चाळून, पाणी शिंपडून बसवणार.

८ मार्च

रिकामी भाजणी १०५० ला झाली. कॉइलचा रोध पुन्हा मोजला: १०.५ ओहम. एवढा फरक मल्टिमीटरच्या टोकांवर दाब कमी-जास्त झाला तरी येतो. थर्मोकपलच्या चिनी मातीच्या नळीवर पिवळट पुटं आहेत, नळीला तडा नाही. शेडच्या पत्र्याला भोकाच्या वर काळा पट्टा पडला आहे, तिथे जुना टिनाचा पाइप धुराडं म्हणून बसवणार.

राखेसाठी परळ घडवून वाळत ठेवली आहे. चौदा इंची कुंडीखाली बसेल एवढी, काठ दीड इंच. ती ९५० ला भाजून झाली की राखेची भाजणी.